रविवार : टेकडी, एकेक

सकाळी सहाला कॉफी करायला खाली आले, तर सासूबाई अंगणाच्या दारात उभ्या. बाहेर पाऊस, वारा, आणि पत्र्याखालची मोपेडची जागा रिकामी.

"गेली," त्या म्हणाल्या.

"कोण गेली?"

"या घरातून असल्या पावसात दुसरं कोण जातं? टोपलीही नाही. बाराच्या बारा घेऊन गेली बया."

मी स्टोव्ह पेटवला. त्यावर बोलायचं काय? जत्रेचा रविवार. दुपारी सगळं कुटुंब जेवायला, तीन वाजता आंटवर्पचे गृहस्थ कबुतरं न्यायला येणार, आणि ज्यांच्यासाठी ते एवढ्या लांबून येणार ती बारा पिल्लं पावसात निघून गेलेली.

आदल्या संध्याकाळी जेवताना माझ्या नवऱ्याने सगळं सांगून टाकलं होतं. मौरित्स विमा कंपनीत आहे आणि बोलतोही विम्याच्या पत्रासारखा, खाली सही होईपर्यंत थांबत नाही. बाबांची छाती, डॉक्टरांचं म्हणणं, माळ्यावरच्या कबुतरखान्यातली धूळ, आणि सगळ्यांत शेवटी मुद्दा : या वर्षीची बारा पिल्लं आणि त्यांचे आईबाप एकाच माणसाला द्यायचे, बाबांनी जुलैमध्येच शब्द दिलाय. माझी नणंद आलिदा तेव्हा पाव कापत होती. तिचा हात थांबला नाही. सगळ्यांना पुरेल एवढा कापून झाल्यावर "चीज कुणाला?" एवढंच ती म्हणाली.

तिला कुणी विचारलं नव्हतं हो. फेब्रुवारीत सासरे माळ्याच्या जिन्यात कोसळले, तेव्हापासून त्यांना वर जायची बंदी. तेव्हापासून पहाटे गिरणीत जायच्या आधी आणि संध्याकाळी गिरणीतून आल्यावर ही एकोणचाळीस वर्षांची मुलगी एकटी वर. दाणापाणी तिचं, साफसफाई तिची, पिल्लांना उडायला शिकवणंही तिचंच. त्या उन्हाळ्यात शर्यतींच्या निकालांत 'कालेन्स' हे नाव आठ वर्षांनी पुन्हा वरच्या ओळींत छापून यायला लागलं. छापून यायचं ते अर्थात सासऱ्यांचं नाव, 'ओमेर कालेन्स'.

आणि मी म्हणाल तर मी गेंटची. कबुतर मला सूपमध्ये बरं वाटतं, असं मी लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात बोलून बसले होते. सासऱ्यांनी ते चौदा वर्षं लक्षात ठेवलं होतं.

मौरित्स खाली आला, रिकामी जागा बघितली आणि खुर्ची न ओढता उभ्यानेच सुरू झाला.

"हे तिने मुद्दाम केलंय. मला मिळत नाहीत ना, मग कुणालाच मिळू नयेत, असं तिचं."

"आवाज कमी कर," सासूबाई म्हणाल्या. "बाबा उठलेत."

"उठू देत की. त्यांना कळायला नको? आज तीन वाजता मी त्या माणसाला काय दाखवू, रिकामा माळा?"

सासरे उठलेच होते. खिडकीशेजारच्या आपल्या खुर्चीत, मांडीवर घोंगडी घेऊन बसले होते आणि बाहेर बघत होते. त्या खिडकीतून माळ्याचं तोंड आणि आभाळाचा एक तुकडा दिसतो. सात महिने त्यांचं जग तेवढंच होतं.

"बाबा, तुम्ही काहीतरी बोला."

"वारा पूर्वेचा आहे," सासरे म्हणाले.

"ते नव्हे. आलिदाबद्दल."

"आलिदाबद्दलच बोलतोय. केमेलच्या टेकडीवर गेली असेल तर येताना वारा तोंडावर." मग त्यांना खोकला आला आणि सासूबाई पाणी घेऊन धावल्या.

सासूबाईंचं मला तेव्हाही कळत होतं. त्यांना आलिदा नकोशी नव्हती, कबुतरं नकोशी होती. रात्र रात्र नवऱ्याचा श्वास ऐकत पडून राहायचं म्हणजे काय ते त्यांनाच ठाऊक. त्यांच्या लेखी माळ्यावर पक्षी नव्हते, नवऱ्याचं दुखणं बसलेलं होतं, आणि मुलगा ते दुखणं गाडीत घालून आंटवर्पला पाठवणार होता. म्हणून त्या मौरित्सच्या बाजूने. मी मौरित्सची बायको, म्हणून मीही. सोपं होतं ते तोवर.

दहा वाजता चर्चमधून सरळ सिरीलकाका आले, भिजलेले. सासऱ्यांचा धाकटा भाऊ. एका गल्लीत राहून दोघं आयुष्यभर एकमेकांच्या कबुतरांना नावं ठेवत आले.

"ऐकलं ते खरं?" काकांनी टोपी झटकली. "पोरगी पिल्लं घेऊन गेली? आज? ओमेर, तुझ्या पोरीला आभाळ दिसतं की नाही?"

"दिसतं तिला."

"पुन्हा त्रेपन्न व्हायचं, सांगून ठेवतो."

त्या घरात त्रेपन्न म्हटलं की सगळे खाली बघतात. त्या साली जूनमध्ये सासरे आणि काका गावातल्या आणखी तिघांबरोबर ट्रकने कबुतरं सरावाला घेऊन गेले होते. सोडली तेव्हा आभाळ मोकळं होतं, धुकं मागाहून उतरलं, असं दोघंही सांगत. सासऱ्यांच्या तिसातली चार परत आली. बाकीची कुठे गेली ते देवाला माहीत. आलिदा तीन दिवस कौलांवर बसून होती म्हणे. तेव्हापासून सासऱ्यांनी निळ्या आभाळाशिवाय एक पक्षी सोडला नाही, आणि म्हणूनच आठ वर्षं एक धड बक्षीसही मिळालं नाही, कारण शर्यतीच्या दिवशी आभाळ काही त्यांना विचारून उगवत नसे. आलिदाने सूत्रं हातात घेतल्यावर पहिलं काय केलं, तर एप्रिलच्या पावसात पिल्लं बाहेर काढली. आधी नदीपलीकडे, मग पाच किलोमीटर, मग दहा. बाप खिडकीत बसून बघत होता आणि एक अक्षर बोलत नव्हता.

टेकडीवर त्या सकाळी काय झालं ते मला पुढे कळलं, थोडं आलिदाकडून, बरंचसं तिथल्या कॅफेवाल्या बाईकडून.

साडेसातलाच ती पोचली होती. टोपली ताडपत्रीखाली ठेवली आणि स्वतः कॅफेच्या पायरीवर बसली, पावसात. कॅफेवालीने दार उघडून हाक मारली.

"अगं, आत ये. कॉफी टाकलीय."

"नको. आत आले की मला ऊब लागेल, आणि मग मला बाहेरची हवा आहे त्याहून बरी वाटायला लागेल."

त्या टेकडीवरून आमच्या गावाच्या दिशेला एकामागे एक चर्चचे मनोरे दिसतात. आलिदाचा नियम असा : तिसरा मनोरा दिसला तर सोडायचं, नाही दिसला तर नाही. पाऊस किती पडतोय याच्याशी तिला घेणंदेणं नव्हतं. ती म्हणते, पावसाचे दोन प्रकार, एक ज्याच्यातून दिसतं आणि दुसरा ज्याच्यातून दिसत नाही. पहिल्यात पक्षी भिजतो, दुसऱ्यात हरवतो. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. कौलांवरच्या त्या तीन दिवसांत तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं.

आठला एक मनोरा. नऊला दोन. साडेनऊला पुन्हा एकच. ती साडेतीन तास बसून राहिली. मी माझं सगळं आयुष्य धरून कशासाठी एवढी पावसात बसले असेन असं वाटत नाही. अकराला दोन मिनिटं कमी असताना तिसरा दिसला, आणि तिने टोपलीला हात घातला.

इकडे सव्वा अकराला शेजारच्या कॅफेची रेनिल्ड कुंपणावरून ओरडली. तिच्याकडे फोन आहे.

"केमेलहून फोन होता. पहिलं अकराला सोडलं म्हणे. मग पाच-पाच मिनिटांनी एकेक."

"एकेक?" काका खुर्चीतून उठलेच. "या हवेत एकेक? तिचं डोकं ठिकाणावर आहे का? घोळक्याने तरी सोडायची, एकमेकांच्या आधाराने आली असती."

सासरे पहिल्यांदा खिडकीवरून नजर काढून आत वळले. "आधाराने येत नाहीत ती. एक हुशार असतो, बाकीचे त्याच्या शेपटीमागे. तो चुकला की सगळे गेले. एकेक सोडलं की प्रत्येकाला स्वतःचं डोकं चालवावं लागतं."

"हे तू कधीपासून म्हणायला लागलास?"

"म्हणत नव्हतो. या उन्हाळ्यात बघितलं."

मौरित्सने घड्याळ बघितलं. "म्हणजे कधी यायला पाहिजेत?"

"या वाऱ्यात पन्नास मिनिटं. आली तर."

आता आमच्याकडची रीत अशी की कबुतरं यायची असली म्हणजे अंगणात कुणी पाऊल टाकायचं नाही, दोरीवर कपडा घालायचा नाही, दार आपटायचं नाही. पक्षी झापडीतून माळ्यावर आत शिरला की स्वयंपाकघरात विजेची घंटी वाजते. सासऱ्यांनीच ती बसवलेली. त्यामुळे आम्ही पाच माणसं टेबलाभोवती घंटीकडे तोंड करून बसलो आणि बाहेर चौकात जत्रेचा बँड वाजत राहिला.

मी सूपसाठी मांसाचे गोळे वळायला घेतले. कुणीतरी काहीतरी करायला हवं ना.

"पन्नास झाली," मौरित्स म्हणाला.

"एक्कावन्न," काका म्हणाले.

"सिरील, गप्प बस."

सासऱ्यांनी खिडकीच्या काचेला बोट लावलं. मी वाकून बघितलं. आभाळातून नाही, खालून, ओढ्याच्या काठाने, जवसाच्या कापलेल्या शेतांवरून एक पक्षी येत होता, जमिनीपासून जेमतेम दोन माणसं उंच. कुंपणाजवळ त्याने एकदम उसळी घेतली, माळ्याच्या फळीवर उतरला आणि क्षणभरही न थांबता आत गेला. घंटी वाजली.

"बावन्न," काका म्हणाले. मग थोड्या वेळाने : "खालून आला रे."

"तोंडावरच्या वाऱ्यात खालूनच यावं लागतं. वर वारा जास्त."

"पिल्लाला कोण सांगतं हे?"

"पाऊसच सांगतो. ती फक्त घेऊन जाते."

सासऱ्यांच्या आवाजात तेव्हा जे होतं ते मी त्या घरात आधी ऐकलं नव्हतं. कौतुक करायची सवय नसलेल्या माणसाचा आवाज असा घोगरा होतो, असं मला वाटलं.

दुसरी घंटी. तिसरी. चौथ्याला वेळ लागला, आठ मिनिटं गेली, आणि सासूबाईंनी नकळत माझा हात मनगटाजवळ धरला. ज्या बाईला कबुतरं नको होती त्या बाईने, बरं का. चौथी घंटी वाजली तेव्हा त्यांनी हात सोडला आणि चमच्याने उगाच सूप ढवळलं.

मीठ घ्यायला मी फडताळाकडे गेले. त्याच्या दारावर दाणेवाल्याचं कॅलेंडर असतं. चौदा वर्षांत मी त्यात डोकावले नव्हते. आलिदाचं अक्षर बारीक आणि सरळ. एकेका दिवशी एकेक ओळ : कुठून, किती, वारा कुठला. आणि त्या दिवसाच्या चौकटीत, पेन्सिलने, 'रविवार : टेकडी, एकेक'. शाई नव्हे म्हणून मी जवळ जाऊन बघितलं. मग मागचं पान उलटलं. ऑगस्टच्या चौदा तारखेला तिने पुढच्या पाच आठवड्यांचं सगळं लिहून ठेवलं होतं, आणि खाली : 'शेवटच्या शर्यतीला पाऊस धरून चालायचं.'

आंटवर्पच्या गृहस्थांचं तिला आदल्या संध्याकाळी कळलं होतं.

खरं सांगते, मी ते पान परत सोडलं आणि मीठ घेऊन आले. नवरा आपला, घर त्यांचं, मी कशाला तोंड घालू? सहावी घंटी वाजली. मौरित्स म्हणाला, "चांगलंय, येताहेत. पण म्हणून तिचा हेतू बदलत नाही. हरवली असती तर तिला आनंदच झाला असता."

तेव्हा मला राहवलं नाही.

"मौरित्स, उठ आणि कॅलेंडर बघ."

"कसलं कॅलेंडर?"

"फडताळावरचं. आजचं तिने महिन्याभरापूर्वी लिहिलंय. तुझा आंटवर्पवाला तेव्हा तिच्या स्वप्नातही नव्हता."

तो उठला नाही. काका उठले. त्यांनी पान वाचलं, मागचं वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"खरंय," ते म्हणाले. "वाऱ्यासकट लिहिलंय. मी नाही असं कधी लिहिलं."

"तू कुणाच्या बाजूने आहेस?" मौरित्सने मला हळूच विचारलं.

"मी सूप करतेय," मी म्हणाले.

पाऊण वाजेपर्यंत अकरा घंट्या झाल्या. दहावीच्या वेळी काका टेबलावर थाप मारून हसले होते, अकरावीला सासऱ्यांनी घोंगडी बाजूला सारली होती. बारावीची वाट बघत आम्ही सूप संपवलं. एक वाजला. गाईच्या जिभेचा रस्सा टेबलावर आला, मशरूम घातलेला, सासूबाई तो वर्षातून एकदाच करतात. कुणाचं लक्ष नव्हतं.

"कुठली राहिलीय?" सासूबाईंनी विचारलं.

"पांढऱ्या पिसाची निळी मादी," सासरे म्हणाले. सगळी त्यांनी खिडकीतून ओळखून मोजली होती. "सगळ्यांत चांगली."

"त्या माणसाला तीच हवी होती," मौरित्स म्हणाला. त्याने चमचा खाली ठेवला. "तीच. पत्रात तिच्या पायातल्या कडीचा नंबर लिहिलाय त्याने. झालं समाधान?"

सव्वा वाजता काकांचा नूर पालटला. हा माणूस असाच, येणाऱ्या पक्ष्याबरोबर येतो आणि न येणाऱ्याबरोबर जातो. "मी सकाळीच म्हणालो होतो. अकरा आली हे नशीब. पण पावसाशी मस्ती करायची म्हणजे एक तरी द्यावीच लागते." सासरे खिडकीकडेच बघत राहिले, आणि त्यांचा श्वास वाजायला लागला.

दीडला मोपेडचा आवाज आला आणि पाठोपाठ शेजारच्या कॅफेबाहेर हशा उसळला. मंडपाखाली जत्रेमुळे तीसएक माणसं बसली होती. आमचं दार उघडं होतं, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकू आला.

आमच्या गावात सरावाला नेलेली कबुतरं न सोडता परत आणणं म्हणजे नाचक्की. रिकाम्या टोपलीचा आवाज वेगळा, भरल्या टोपलीचा वेगळा, आणि कॅफेत बसलेल्यांचे कान त्या बाबतीत फार तिखट. भरली टोपली घेऊन कुणी गेलं की त्याला वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. बडी बडी माणसं भलत्या हवेत पक्षी सोडून मोकळी होतात, पण टोपली घेऊन कॅफेवरून जात नाहीत.

"काय गं आलिदा, टोपलीत काहीतरी फडफडतंय," कुणीतरी म्हणालं.

"अंडी घालायला बसवलंय वाटतं."

"घातली का गं मग?"

मोपेड थांबली. वळसा घालून मागच्या गल्लीतून येता आलं असतं तिला. नाही आली.

"घातली," आलिदाचा आवाज आला. "सगळ्यांना पुरणार नाहीत. जे टेकडीवर आले होते त्यांनी हात वर करा, त्यांना देते."

पुन्हा हशा झाला, पण या वेळी तिच्या बाजूने.

ती आत आली. पायापासून डोक्यापर्यंत पाणी गळत होतं, ओठ निळे. तिने टोपली फरशीवर ठेवली.

"बारावी इथे आहे. वर किती आली?"

"अकरा," सासूबाई म्हणाल्या. "अगं, आधी कपडे बदल."

"सगळी? एकही राहिली नाही?" आणि मग ती खुर्चीवर बसली, अचानक. तेव्हा मला कळलं की चाळीस किलोमीटर ही बाई हेच एक घेऊन आली होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. रस्त्याने तिला घंटी ऐकू येत नव्हती.

सासऱ्यांनी हात पुढे केला. "दे इकडे."

"ओमेर, धूळ," सासूबाई म्हणाल्या.

"ओल्या कबुतराला कसली धूळ? दे."

आलिदाने मादी काढून त्यांच्या हातात दिली. सात महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या हातात पक्षी आला. त्यांनी अंगठ्याने पंख उघडला, हलकेच, पंख्यासारखा. बाहेरून तिसरं पीस नवं होतं, अर्धंच वाढलेलं, बुंध्याशी अजून रक्त.

"केव्हा दिसलं?"

"टेकडीवर. तिचा नंबर शेवटचा होता. हातात घेतली तेव्हा पंख किंचित सैल धरत होती. सकाळी अंधारात टोपलीत घातली मी, पंख उघडून बघितला नाही. चूक माझी आहे."

"एवढ्याशा पिसासाठी?" मौरित्स म्हणाला. "अडतीस किलोमीटर तर होतं. आली असती."

"कदाचित आली असती."

"मग? आज, जत्रेच्या दिवशी, सगळ्या गावासमोरून टोपली मिरवत आणलीस. तीन वाजता तो माणूस येईल तेव्हा हे सगळं त्याच्या कानावर जाणारच."

"मौरित्स, तिचा पंख पुरा नाहीये. बाकी अकरांचा आहे. यात तुला न कळण्यासारखं काय आहे?"

सासरे अजून पंखच बघत होते. मग त्यांनी मादी आलिदाकडे परत दिली आणि भावाकडे वळले.

"सिरील. त्रेपन्नला आपल्याला किती मनोरे दिसत होते?"

काकांनी पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"आता कशाला ते?"

"किती?"

"ओमेर, जेवण चाललंय."

"किती दिसत होते, सिरील?"

"एकही नाही," काका म्हणाले. "ट्रकचं पुढचं चाक दिसत नव्हतं."

सासूबाईंचं तोंड थोडं उघडं राहिलं. मला त्या पुढे म्हणाल्या, त्या क्षणी त्यांना आठ वर्षांचा राग यायला हवा होता, पण नवऱ्याचा चेहरा बघून तो आलाच नाही.

"धुकं नंतर उतरलं असं मी सांगत आलो," सासरे म्हणाले. ते आलिदाशी बोलत होते. "तुलाही तेच सांगितलं. तू वर कौलांवर होतीस आणि मी खालून ओरडून सांगत होतो, येतील, सोडली तेव्हा छान ऊन होतं. ऊन नव्हतं. आम्ही पाच जण ट्रकपाशी उभे होतो आणि प्रत्येक जण वाट बघत होता की दुसरा म्हणेल, चला, परत जाऊ. तीस पक्षी घेऊन त्या कॅफेवरून जायचं, याची मला लाज वाटली. म्हणून मी टोपली उघडली. सगळ्यांच्या आधी मी. माझं बघून बाकीच्यांनी."

"मी नको म्हणालो होतो," काका म्हणाले.

"नाही म्हणालास."

"नाही म्हणालो," काकांनी कबूल केलं आणि रुमाल काढून नाक शिंकरलं.

आलिदा मादीला पोटाशी धरून बसली होती. तिच्या केसांतून पाणी पक्ष्याच्या पाठीवर पडत होतं. ती काही म्हणेल असं मला वाटलं, ओरडेल, रडेल. तिने फक्त बापाच्या घोंगडीचं टोक सरळ केलं.

"एलोदी," सासरे सासूबाईंना म्हणाले, "बिस्किटांचा डबा आण. कार्डांचा."

प्रत्येक कडीबरोबर मालकीचं एक कार्ड असतं. ज्याच्या हातात कार्ड त्याचं कबुतर. सासूबाई उठल्या नाहीत.

"आणि तुमची छाती?"

"मी वर जाणार नाही."

"फेब्रुवारीतही असंच म्हणाला होतात, आणि मग जिन्यात सापडलात."

"तेव्हा मला वाटत होतं की माझ्याशिवाय चालणार नाही."

सासूबाई उठल्या, डबा आणला, आणि नवऱ्याला न देता सरळ मुलीपुढे ठेवला. "जिन्याला दार बसवून घे," त्या आलिदाला म्हणाल्या. "आणि वरचे कपडे खाली आणायचे नाहीत. एक कण धूळ माझ्या स्वयंपाकघरात दिसली तर तुला आणि त्यांना, दोघांना बाहेर काढीन."

"बाबा, तुम्ही शब्द दिलाय," मौरित्स म्हणाला. त्याचा आवाज आता विम्याच्या पत्रासारखा नव्हता, दुखावलेल्या मुलासारखा होता. "मी तुमच्यासाठीच केलं हे सगळं."

"माहीत आहे मला. आणि शब्द मी दिला होता, तर माफीही मीच मागेन. तुला तोंड खाली घालावं लागणार नाही."

मी माझ्या नवऱ्याच्या ताटात जिभेचा आणखी एक तुकडा वाढला. त्याने तो खाल्ला. रात्री गाडीत तो माझ्याशी गेंटपर्यंत बोलला नाही, पण तो जिभेचा तुकडा त्याने खाल्ला हे मी लक्षात ठेवलं.

आंटवर्पचे गृहस्थ तीनच्या ठोक्याला आले. उंच, सभ्य, हातात हॅट. सासरे त्यांच्यासाठी खुर्चीतून उठून उभे राहिले, टेबलाला धरून, आणि आडपडदा न ठेवता म्हणाले, "मी तुम्हाला शब्द दिला होता, तो मोडतोय. कबुतरं माझी नाहीत, माझ्या मुलीची आहेत. ते मला आज कळलं. तुम्हाला एवढ्या लांब यायला लावलं, त्याबद्दल माफ करा."

गृहस्थांनी आलिदाकडे बघितलं. तिने कोरडा झगा घातला होता, केस अजून ओले होते.

"तुम्हीच एकेक सोडलीत का, आज?" त्यांनी विचारलं. "शेजारच्या कॅफेत आता तेच चाललंय."

"हो."

"पिल्लं बघायला मिळतील का? नुसती बघायला."

ती त्यांना वर घेऊन गेली. वीस मिनिटांनी खाली आले, भाताच्या गोड पाईचे दोन तुकडे खाल्ले, आणि निघताना दारात थांबून म्हणाले, "माझ्याकडे असती तर मीही विकली नसती." मग गाडी लावलेल्या चौकाकडे चालत गेले, बँडच्या दिशेने.

काका जत्रेला गेले. मौरित्स बॅगा भरायला वर. मी भांडी विसळत होते आणि आलिदा पुसत होती. तिला शिंका येत होत्या. सासरे खिडकीत बसले होते आणि किती तरी वेळ काहीतरी विचारायचं असल्यासारखे घोंगडीशी चाळा करत होते.

"आलिदा."

"काय बाबा?"

"शनिवारच्या शर्यतीला किती पाठवतेस?"

तिने ताट पुसून वर ठेवलं. "आत्ता नाही सांगता येणार. शुक्रवारी टोपली भरताना ठरवेन."

ओमेर कालेन्स चाळीस वर्षं कबुतरं उडवत आले होते, आणि चौदा वर्षांत मी त्यांना कुणाचं निमूट ऐकून घेताना बघितलं नव्हतं. त्यांनी मान हलवली.

"बरं," ते म्हणाले.